टिकल्यांची टंचाई

दिवाळीतल्या टिकल्या आठवतात का मंडळी? लाल कागदाचा रोल, त्यावर दारूचे बारीक ठिपके, आणि पत्र्याचं पिस्तूल. पिस्तूल पहिल्या दोन दिवसांतच बिघडायचं आणि मग आम्ही ओट्यावर बसून टिकल्या दगडाने ठेचायचो. सगळ्या फटाक्यांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत क्षुल्लक प्रकार. लवंगी लावणारी पोरं आमच्याकडे तुच्छतेने बघायची.

ह्या टिकलीबद्दल एक लांबलचक लेख लिहीन असं मला कधी वाटलं नव्हतं. पण २०२१ च्या उन्हाळ्यात इथे अमेरिकेत आमच्या शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये गेलो, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. आजोबा निवृत्त आहेत, हरणाच्या मोसमात शिकारीला जातात, आणि एरवी काडतुसं घरीच भरतात. म्हणजे उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी जपून आणायची, धुवायची, आणि पुन्हा भरायची. ह्याला ते रिलोडिंग म्हणतात. आपल्याकडे आज्या लोणच्याच्या बरण्या ओळीने लावतात तशा त्यांच्या फळीवर पुंगळ्यांच्या बरण्या होत्या. दारूचे डबे होते. शिशाच्या विटा होत्या. आणि एक फळी पूर्ण रिकामी.

"हे काय, सगळं तर आहे," मी म्हटलं.

"प्रायमर नाहीत," ते म्हणाले. "दीड वर्ष झालं. कुठेच नाहीत."

थोडक्यात, डाळ-तांदूळ सगळं आहे, पण चूल पेटवायला काडी नाही. मला हे ऐकून हसू आलं, आणि मग घरी येऊन वाचायला लागलो तेव्हा हसू ओसरलं.

आधी थोडी माहिती, माझ्यासारख्या बंदूक कधी हातात न धरलेल्या लोकांसाठी. (आत्या, तुम्ही हा परिच्छेद सोडलात तरी चालेल.) काडतुसाचे भाग चार. बाहेरची पितळी पुंगळी, आतली दारू, तोंडाशी बसवलेली गोळी, आणि बुडाशी बसवलेली एक इवलीशी धातूची वाटी. तिच्यात दाबाने, ठोक्याने भडकणारं मिश्रण असतं. घोडा ओढला की कळ त्या वाटीवर आपटते, ठिणगी आत जाते, दारू पेटते. ही वाटी म्हणजे प्रायमर. म्हणजेच आपली टिकली. ह्या चारांपैकी पुंगळी पुन्हापुन्हा वापरता येते. शिसं वितळवून गोळी घरी ओतता येते. दारू घरी करणं शहाणपणाचं नाही, पण ती एकदा घेतली की वर्षानुवर्षं पुरते. टिकली मात्र एका उडवण्यात संपते. आणि ती घरी होत नाही. त्यासाठी रसायनं लागतात, कारखाना लागतो, आणि जिवावरची जोखीम घेणारं कुणीतरी लागतं.

एक गंमत सांगून पुढे जातो. टिकली पुंगळीत बसवायच्या दोन मुख्य रीती, आणि दोन्ही १८६० च्या दशकातल्या. एक काढली हायरम बर्डन ह्या अमेरिकनाने, दुसरी एडवर्ड बॉक्सर ह्या इंग्रज अधिकाऱ्याने. आज बर्डनची रीत युरोपात जास्त दिसते आणि बॉक्सरची अमेरिकेत! बॉक्सरच्या रीतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं, त्यामुळे आतून सळई घालून जुनी टिकली सहज ढकलून काढता येते. अमेरिकेत घरोघरी काडतुसं भरण्याचा छंद वाढला त्याचं बरंचसं श्रेय ह्या इंग्रजाच्या एका भोकाला आहे.

पण टिकली ह्याच्याही आधीची. स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर फोर्साइथ नावाचे एक पाद्री होते, त्यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. गारगोटीच्या बंदुकीत आधी कानाशी भपकन जाळ व्हायचा, मग गोळी सुटायची, तेवढ्यात पाखरू उडून जायचं. ह्या वैतागातून त्यांनी ठोक्याने पेटणाऱ्या रसायनाची युक्ती काढली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. पुढे त्याची तांब्याची छोटी टोपी झाली. दारू आणि गोळी तोंडातून ठासायची आणि मागे निप्पलवर टोपी चढवायची. कोकणात अजून ठासणीच्या बंदुका आहेत, त्यांच्या मालकांना हे सांगायला नको. १८५७ च्या काडतूस प्रकरणातली ती एनफील्ड रायफल, तीही टोपीचीच. आणि ह्याच एनफील्ड चार वर्षांनी जहाजं भरभरून अमेरिकेला गेल्या, तिथल्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी वापरल्या.

आणि इथे टंचाईचा खरा इतिहास सुरू होतो.

१८६१ मध्ये दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली तेव्हा त्यांच्याकडे कापूस होता, गुलाम होते, मिजास होती, पण कारखाने जवळजवळ नव्हते. उत्तरेच्या आरमाराने बंदरांची नाकेबंदी केली. दारूगोळ्याचं खातं ज्याच्याकडे आलं तो जोसाया गोर्गस मूळचा उत्तरेतल्या पेनसिल्व्हेनियाचा. बायको अलाबामाच्या माजी गव्हर्नरची मुलगी. म्हणजे हा गृहस्थ सासुरवाडीच्या बाजूने लढला म्हणायचा! माणूस कर्तबगार होता ह्यात शंका नाही. तीन वर्षांत त्याने शून्यातून सगळं उभं केलं. कशासाठी उभं केलं हा प्रश्न वेगळा, आणि तो मी विसरणार नाहीये.

दारूला सोरा लागतो. जगातला चांगला सोरा तेव्हा यायचा आपल्या बिहारमधून. तिथे नोनिया लोक गावाकडेची खारी माती खरवडायचे, पाण्यात विरघळवून उकळायचे, आणि तो कच्चा सोरा व्यापाऱ्यांकडून शुद्ध होऊन पाटण्याहून कलकत्त्याला आणि तिथून लंडनला जायचा. सतराव्या शतकात डच आणि इंग्रज दोघेही ह्यासाठी पाटण्या-छपऱ्याकडे ठाण मांडून बसले होते. उत्तरेलाही हाच सोरा हवा होता. १८६१ च्या शेवटी दारूवाल्या ड्यू पाँट घराण्यातला तिशीचा लॅमो ड्यू पाँट सरकारच्या वतीने गुपचूप लंडनला गेला आणि बाजारातला मिळेल तेवढा सोरा उचलायला लागला. माल जहाजांवर चढत असतानाच ट्रेंट प्रकरण झालं. अमेरिकन युद्धनौकेने ब्रिटिश टपालबोट अडवून दक्षिणेचे दोन वकील पकडले होते. इंग्रज सरकार भडकलं आणि सोऱ्याची निर्यात बंद. लिंकनने ते वकील सोडले तेव्हा कुठे हा सोरा सुटला. त्या नोनियांना ह्यातलं काय कळलं असेल? दोन देश युद्धाच्या तोंडाशी आले होते आणि त्यांची माती मधे अडकली होती.

दक्षिणेला लंडनचा रस्ता नाकेबंदी चुकवूनच. म्हणून त्यांनी आपल्याच गुहा उकरायला घेतल्या. अलाबामा, जॉर्जिया, टेनेसीतल्या चुनखडीच्या गुहांतल्या मातीत सोरा असतो. त्यासाठी १८६२ मध्ये स्वतंत्र खातंच निघालं. शहरांबाहेर मेलेली जनावरं, शेण, कुजका पाला घालून सोऱ्याचे वाफे लावले. सेल्मा गावच्या अधिकाऱ्याने तर १८६३ मध्ये वर्तमानपत्रात जाहिरात दिली की गावातल्या स्त्रियांनी रात्रीच्या भांड्यातलं मूत्र फेकू नये, आमची गाडी येईल, तिच्यात द्यावं. त्यावर दोन्ही बाजूंच्या सैन्यात चावट कविता झाल्या. अमेरिकन इतिहासाच्या गप्पांत हा किस्सा हमखास निघतो आणि सगळे खो खो हसतात.

मीही हसलो. पण त्या गुहांत पलित्यांच्या उजेडात माती उपसत कोण होतं? बऱ्याच ठिकाणी मालकांकडून भाड्याने घेतलेले गुलाम. त्यांच्या गुलामीसाठीच चाललेल्या युद्धाची दारू त्यांच्याकडूनच उपसून घेतली जात होती. "बघा कसं डोकं लढवून शून्यातून उभं केलं" अशा थाटात ह्या कथा सांगतात तेव्हा हे वाक्य गळतं. आपल्याकडे जुगाडाचं जे कौतुक असतं त्यातही पुष्कळदा हेच होतं असं माझं मत. डोकं कुणाचं हे सांगतात, पाठ कुणाची ते सांगत नाहीत.

असो. जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी कालव्याच्या काठी जॉर्ज रेन्स ह्या अधिकाऱ्याने दारूचा प्रचंड कारखाना बांधला. त्याने त्याआधी दारूचा कारखाना चालवलेला नव्हता. इंग्लंडच्या वॉल्थम ॲबीच्या सरकारी कारखान्याची माहिती देणारी एक पुस्तिका हाताशी, तिच्यावरून सगळं रचलं. एप्रिल १८६२ मध्ये दारू निघायला लागली आणि तीन वर्षांत साडेसत्तावीस लाख पौंडांच्या आसपास निघाली. त्याचं उंच धुरांडं अजून तिथे उभं आहे. शिशासाठी खिडक्यांची वजनं आणि नळ काढले, लढाई संपलेल्या रानातून गोळ्या वेचल्या. म्हणजे दारू झाली, गोळी झाली.

उरली टोपी. तिला तांबं लागतं आणि आतल्या मसाल्याला पारा. तांब्याची खाण टेनेसीत डकटाउनला होती. १८६३ च्या अखेरीला चॅटनूगा पडलं आणि खाण हातची गेली. पारा मेक्सिकोतून यायचा. त्याच वर्षी जुलैत व्हिक्सबर्ग पडून मिसिसिपी नदी उत्तरेच्या ताब्यात गेल्यावर तो रस्ताही आवळला. गोर्गसने नंतर लिहून ठेवलंय, शेवटच्या वर्षभरातल्या सगळ्या टोप्या नॉर्थ कॅरोलिनातल्या दारूच्या भट्ट्यांच्या तांब्यातून निघाल्या. टर्पेंटाइनच्या आणि सफरचंदाच्या ब्रँडीच्या भट्ट्या, म्हणजे हंडे आणि वेटोळ्या नळ्या, गावोगावून गोळा केल्या आणि कापून त्यांच्या टोप्या केल्या. काशाच्या तोफा ओतणं बंद केलं, कारण तोफेपेक्षा टोपी महत्त्वाची. पाऱ्याच्या जागी रसायनतज्ज्ञांनी पोटॅशियम क्लोरेटचा मसाला शोधला. आमच्या दिवाळीच्या टिकलीतही तेच क्लोरेट बरं का.

आणि टोप्या-टिकल्या बनवत कोण होतं? मुली.

राजधानी रिचमंडजवळ जेम्स नदीत ब्राउन्स आयलंड नावाचं बेट आहे. तिथे काडतुसांचा कारखाना होता. बारीक काम, म्हणून बारीक बोटं, आणि मजुरीही बारीक. बहुतेक कामगार गरीब घरच्या, पुष्कळशा आयरिश स्थलांतरितांच्या मुली, काही दहा-बारा वर्षांच्या सुद्धा. मार्च १८६३ मध्ये जागेच्या अडचणीमुळे एकाच खोलीत दोन कामं चालली होती. एकीकडे बाद झालेली काडतुसं फोडून त्यातली दारू आणि शिसं परत काढायचं, म्हणजे टंचाईमुळे चाललेली वेच-वेच. हवेत दारूची धूळ. दुसरीकडे तोफेच्या दारूला ठिणगी देणाऱ्या टिकल्या पेटीत भरायच्या. १३ मार्चला शुक्रवारी, अठरा वर्षांची मेरी रायन टिकल्या भरत होती. वॉर्निश ओलं होतं म्हणून एक टिकली फळीला चिकटली. ती सुटावी म्हणून मेरीने फळी टेबलावर आपटली.

ती काही दिवस जगली आणि मरण्यापूर्वी तिनेच हे सांगितलं. एकूण चाळीसहून अधिक जीव गेले. बहुतेक मुली आणि बायका. काहीजणी पेटत्या कपड्यांनिशी नदीकडे धावल्या. गोर्गसची बायको अमेलिया जखमींच्या शुश्रूषेला धावली, हे त्याने आपल्या रोजनिशीत लिहिलंय. काही आठवड्यांत कारखाना पुन्हा सुरू झाला आणि रिकाम्या जागांवर नव्या मुली आल्या. याव्याच लागल्या असणार, रिचमंडमध्ये भाकरी महाग होती. (त्याच एप्रिलमध्ये तिथे बायकांनी भाकरीसाठी दंगा केला.)

दोष फक्त दक्षिणेचा असंही नाही. उत्तरेकडे पिट्सबर्गच्या ॲलेगेनी कोठारात १७ सप्टेंबर १८६२ ला स्फोट होऊन ७८ जण गेले, त्यातही बहुतेक तरुण मुलीच. वॉशिंग्टनच्या कोठारात जून १८६४ मध्ये २१ जणी. ह्यांच्या अंत्ययात्रेला लिंकन स्वतः गेला होता. युद्धाचे पुतळे अमेरिकेत गावोगाव आहेत, घोड्यांवरचे. ह्या मुलींच्या आठवणीचे दगडही आहेत, पण ते शोधत जावे लागतात.

युद्ध संपलं, धातूच्या पुंगळीची काडतुसं आली आणि टिकली पुंगळीच्या बुडात जाऊन बसली. १८७० च्या दशकात गवताळ प्रदेशात रानरेडे मारणारे शिकारी शिसं, दारू आणि टिकल्या घाऊक घेऊन जायचे आणि रात्री तळावर बसून पुंगळ्या भरायचे. ते रेडे त्यांनी जवळपास संपवले. त्या काळात टंचाई काडतुसांची झाली नाही, रेड्यांची झाली. ह्या प्रकरणावर वेगळं लिहायला हवं, आज नको.

ह्यानंतरची मोठी टंचाई दुसऱ्या महायुद्धातली. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि शिकारीची काडतुसं, दारू, टिकल्या सगळं नागरी बाजारातून गायब झालं. तांबं-पितळ इतकं अडलं की १९४३ साली अमेरिकेने एक सेंटची नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची पाडली. (आजीच्या डब्यातला भोकाचा पैसा आठवतो? तोही १९४३ चाच, धातू वाचवायला मधोमध भोक.) इव्हान्सव्हिलच्या मोटारीच्या कारखान्यात तर पिस्तुलाच्या काडतुसांच्या पुंगळ्याही पोलादाच्या केल्या. आणि युद्ध संपत आलं तेव्हा उडवलेल्या पुंगळ्यांचं पितळ वितळवून पुन्हा सेंटची नाणी पाडली. पुंगळीचा पैसा झाला!

ह्या टंचाईतून जे झालं ते मात्र मला मनापासून आवडतं. कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन नावाचा तरुण होता. वडिलांची लाँड्री. त्याला रॉकचक नावाच्या, आपल्या मुंगसाहून बऱ्याच लठ्ठ अशा बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या शिकारीचा नाद. बाजारात गोळ्या मिळेनात. मग लाँड्रीच्या मागच्या खोलीत त्याने एक साचा बनवला. नेमबाजीच्या मैदानावर पॉइंट टू-टूच्या रिकाम्या पुंगळ्यांचा खच पडलेला असतो. त्या काही पुन्हा भरता येत नाहीत, म्हणून कुणी उचलत नाही. हंटिंग्टनने त्या साच्यात दाबून त्यांचं गोळीचं पातळ आवरण केलं, आत शिसं. कचऱ्यातून गोळी. त्या साच्याच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे आरसीबीएस, आजही रिलोडिंगची अवजारं विकणारं हे मोठं नाव. तिकडे आयडाहोत लुइस्टनला व्हर्नन स्पीअर हाच उद्योग करत होता, त्याच पुंगळ्यांतून. पुढे १९४९ मध्ये नेब्रास्कात जॉइस हॉर्नडीने युद्धातली जुनी यंत्रं घेऊन आपला कारखाना काढला. (जॉइस हे पुरुषाचं नाव आहे. मीही चकलो होतो.) आजच्या धंद्यातली ही तीन मोठी नावं, तिघांचीही मुळं त्या टंचाईच्या वर्षांत.

दारूची गोष्ट ह्याहून मजेशीर. युद्ध संपल्यावर सरकारकडे ४८९५ नावाच्या रायफलच्या दारूचे डोंगर उरले. कॅन्सासमध्ये ब्रूस हॉजडन नावाचा एक गॅस कंपनीचा विक्रेता होता. त्याने विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ही दारू घेतली, पन्नास हजार पौंड! ठेवायची कुठे? शेतातल्या कुरणात रेल्वेचा जुना डबा आणून ठेवला आणि त्यात भरली. मग नेमबाजांच्या मासिकात बोटभर जाहिरात दिली. बायको एमी आणि मुलं हाताशी, घरातूनच पार्सलं. कर्ज काढून दारू घेणाऱ्या नवऱ्याला आपल्याकडे काय ऐकावं लागलं असतं ह्याची कल्पना करा. पण माल गेला, कंपनी उभी राहिली, ती आजही आहे. आणि तीच ४८९५ आता त्या कंपनीसाठी ऑस्ट्रेलियात बनते.

गोळी कचऱ्यातून झाली, दारू रेल्वेच्या डब्यातून आली. टिकली? ती लाँड्रीच्या मागच्या खोलीत झाली नाही. त्यासाठी १९५१ साली व्हर्ननचा भाऊ डिक स्पीअर आणि त्याच्या भागीदाराला लुइस्टनलाच वेगळा कारखाना घालावा लागला, सीसीआय त्याचं नाव. आजोबांच्या त्या रिकाम्या फळीवर ज्यांचे डबे असायचे त्यांपैकी हे एक.

आता आजोबांच्या टंचाईकडे येऊ. अमेरिकेत टिकल्या करणारी मोठी नावं चार: सीसीआय, फेडरल, विन्चेस्टर आणि रेमिंग्टन. जुलै २०२० मध्ये रेमिंग्टनने दिवाळं काढलं आणि तिचा आर्कन्सॉमधला लोनोक गावचा कारखाना सीसीआय-फेडरलच्याच मालक कंपनीने घेतला. म्हणजे चारांपैकी तीन एका घरात. (तो सगळा धंदा नोव्हेंबर २०२४ मध्ये एका चेक कंपनीकडे गेला.) त्यात महामारी, दंगली, निवडणूक. बंदूक घेताना जी सरकारी चौकशी होते, त्या चौकश्या २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ८४ लाख झाल्या होत्या, २०२० मध्ये ३ कोटी ९७ लाख. चौकशी म्हणजे विक्री नव्हे हे खरं, पण अंदाज येतो. एवढ्या नव्या लोकांना तयार काडतुसं हवी झाली. कारखान्यांनी टिकल्या आपल्याच काडतुसांत घातल्या, सुट्या विकायला उरल्या नाहीत. हजारामागे तीस-पस्तीस डॉलरला मिळणारा डबा इंटरनेटवर शंभराच्या, दीडशेच्या पुढे गेला.

पण मला जास्त विचार करायला लावलं ते दुसऱ्याच गोष्टीने. २००८ च्या निवडणुकीनंतर अशीच टंचाई झाली होती. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत लहान मुलं मारली गेली, त्यानंतर पुन्हा झाली, दोन वर्षं पॉइंट टू-टूची काडतुसं दिसेनात. ह्या दोन्ही वेळी नाकेबंदी नव्हती, महायुद्ध नव्हतं, तांबं होतं, कारखाने तीन पाळ्यांत चालू होते. कायदा येईल, बंदी येईल, ही भीती होती. देशभराचा कायदा काही आला नाही. पण भीतीने फळ्या रिकाम्या केल्या आणि रिकाम्या फळ्या बघून आणखी लोक घाबरले. १९७०च्या दशकातली साखर-रॉकेलची आपली टंचाई आठवा. साखर संपणार म्हणून जी साठवली जाते तीच साखर संपवते. त्या मुलांच्या मृत्यूनंतर देशाने काय केलं, तर काडतुसं साठवली. हे मी आजोबांना बोललो नाही. बोलायला हवं होतं की नको, अजून ठरत नाही.

२०२४ मध्ये आणखी एक वळण आलं. युक्रेनच्या युद्धाने तोफगोळ्यांची मागणी वाढली आणि ह्यावेळी दारू कमी पडली. आजची दारू नायट्रोसेल्युलोजची, आणि ते बनतं कापसापासून. म्हणजे सरकी वेगळी केल्यावर तिच्यावर जी आखूड लव राहते तिच्यापासून. ह्या लवेच्या पुरवठ्यात चीनचा मोठा वाटा, म्हणून युरोपची झोप उडाली. विदर्भात ज्या सरकीची पेंड म्हशीला घालतात, तिच्या अंगावरची ती लव! सोऱ्यापासून सरकीपर्यंत आलो, आणि दोन्ही वेळा मूळ कुठल्या तरी शेतातच निघालं.

तर २०२१ च्या शरद ऋतूत एका सकाळी आजोबांनी दार वाजवलं. गावाबाहेरच्या दुकानात माल आलाय, माणशी एकच डबा, येतोस का? मी समजलो. लहानपणी रेशनच्या रांगेत आई मला आणि ताईला असंच उभं करायची, आमच्या वाट्याचं रॉकेल मिळावं म्हणून. बंदुकांच्या बाबतीत माझी मतं काय आहेत हे आजोबांना माहीत आहे. तरी मी गेलो. तासभर रांगेत उभा होतो, पुढे एक आजीबाई, मागे एक कॉलेजचा पोरगा. सगळे आपापल्या काडतुसांच्या गप्पा मारत होते आणि मला मेरी रायन आठवत होती, पण हे मी कुणाला सांगणार?

डबा माझ्या हातात आला. हजार टिकल्या, सगळ्या मिळून एका वाटीत मावतील एवढ्या. पण डबा विटेएवढा. "एवढा मोठा का?" मी आजोबांना गाडीत विचारलं. त्यांनी एक पाकीट सरकवून दाखवलं. आत प्लास्टिकचा तबक, आणि प्रत्येक टिकली आपापल्या वेगळ्या खणात, शेजारणीपासून दूर. एक उडाली तर बाकीच्यांना लागू नये म्हणून.